संशोधनाचा विषय आणि निधीचा प्रश्न

विहाराच्या अभ्यासवर्गास येणारे तरुण-तरुणी अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. "सर, पीएच.डी.साठी असा एखादा विषय सांगा, की ज्याला अधिछात्रवृत्ती नक्की मिळेल." असे विचारणाऱ्यास दोष देता येत नाही. बहुधा तो आपल्या घरातील पहिलाच पदव्युत्तर असतो आणि चार-पाच वर्षे कमाईवाचून काढणे त्याच्या घराला परवडणारे नसते. तथापि ह्या एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. काय शोधावयाचे हा एक, आणि त्या शोधाचा खर्च कोणी सोसावयाचा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर सोपविले म्हणजे काय होते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. अधिछात्रवृत्ती मिळते, दोन वर्षे सरतात, आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थी कबूल करतो की ह्या विषयात आपणास नेमके काय शोधावयाचे आहे तेच उमगलेले नाही.

ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना आरंभ एका भिंतीपासून करणे सोयीचे होईल. नाशिकजवळील त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याने ते भिक्षुसंघास दिले. तेथील एका कोरीव लेखात ४२ ह्या वर्षाचा उल्लेख असून ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रकमेस हात न लावता केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाची ठेव, नोंदलेली आहे. पैकी २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक दराने ठेवले आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून 'कुशणमूल' नावाचा खर्च भागवावयाचा. हे सारे निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि फलकावर नोंदविले गेले, असेही लेख सांगतो.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दर महिन्याचा धरला तर २००० वर शेकडा एकप्रमाणे वर्षाचे व्याज २४० होते. वीस भिक्षू गुणिले बारा कार्षापण, म्हणजे तेही २४०. रक्कम तंतोतंत जुळते. दर दरमहाचा होता, असे लेखात स्पष्ट लिहिलेले नसतानाही आपण जे म्हणू शकतो, त्याला आधार ह्या जुळणीचा आहे. दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला ९० येते. पण ते ज्यावर खर्च व्हावयाचे त्या 'कुशणमूल' शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी निरनिराळा लावला आहे. शिवाय एकाच गावातील, एकाच व्यवसायाच्या दोन श्रेणींचे दर वेगळे का असावेत? एकीची पत अधिक होती काय? हे प्रश्न आजही विचारण्याजोगे आहेत, आणि त्यांसाठी परदेशी जावे लागत नाही. एमिल सेनार ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात हे लेख प्रसिद्ध केले. वा. वि. मिराशी ह्यांच्या सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरील ग्रंथात ते मराठी वाचकालाही उपलब्ध आहेत.

संशोधनाचा विषय म्हणजे काय, हे ह्या उदाहरणावरून सांगता येते. 'नाशिकची लेणी' हा विषय होत नाही, तो एक प्रदेश झाला. 'दोन श्रेणींच्या व्याजदरांत फरक का?' हा प्रश्न झाला, आणि संशोधन प्रश्नाचे होते.

विषय लहान करणे

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी 'महाराष्ट्रातील बौद्ध धम्म : एक अभ्यास' असा विषय घेऊन आली. अशा विषयावर दहा जणांनी जन्मभर लिहिले तरी तो संपावयाचा नाही. तिला विचारले, "ह्यातले तुला काय ठाऊक नाही?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, माझे आजोळ जुन्नरकडचे. लेणी राजांनी कोरली असे आम्हाला शाळेत शिकविले. पण आमच्याकडच्या लेण्यांवर राजांची नावे फारशी दिसत नाहीत. मग पैसा दिला कोणी?"

विषय तेथेच सापडला. जुन्नर परिसरात दोनशेंहून अधिक कोरीव लेणी आहेत. तेथील लेखांत नहपानाचा अमात्य अयम ह्याच्या ४६ ह्या वर्षाच्या लेखासारखा अपवाद सोडल्यास राजदरबाराचा मागमूस थोडा आहे. उलट धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे, स्वतःस यवन म्हणविणाऱ्या तिघांची दाने आहेत. लेखांची संख्या मर्यादित असल्याने एका विद्यार्थिनीस ते सर्व मूळ ब्राह्मी अक्षरांत वाचता येतात. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी ह्यांचे १८८१ चे पुस्तक व ल्यूडर्स ह्यांची १९१२ ची सूची हाताशी असल्याने पूर्वी काय वाचले गेले तेही पडताळता येते. 'एक अभ्यास' हे शब्द गळले आणि त्यांच्या जागी 'जुन्नरच्या लेखांतील श्रेणी व त्यांच्याकडील ठेवी' आले.

येथे एका अवघड गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे. आपल्या अभ्यासकांच्या प्रबंधांत 'यांचे योगदान' हा शब्दप्रयोग असलेल्या शीर्षकांची रेलचेल असते. त्यामागील कृतज्ञता खरी आहे, परंतु 'योगदान' शब्दाने सुरू होणाऱ्या विषयाचे उत्तर आरंभीच ठरून गेलेले असते. ते चुकीचे ठरण्याची शक्यताच नसल्यामुळे काही नवीन हाती लागण्याचीही शक्यता उरत नाही. ज्या उषवदाताच्या दानाचे आपण कौतुक केले, तोच आपल्या दुसऱ्या एका लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा आणि गावांचा अभिमानाने उल्लेख करतो. हा भाग आपणास आवडो वा न आवडो, प्रबंधात तो यावयासच हवा. तो वगळणारा विद्यार्थी मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडखळेल, आणि ते योग्यच होईल.

पुरुषोत्तम विश्वनाथ बापट ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात आठवते. हार्वर्ड येथील त्यांच्या प्रबंधाचा विषय दोनच ग्रंथांपुरता होता. बुद्धघोषाचार्यांचा पाली 'विसुद्धिमग्ग' आणि त्यापूर्वीचा, चिनी भाषांतरातून टिकून राहिलेला 'विमुत्तिमग्ग' ह्या दोहोंची तुलना. ती १९३७ मध्ये पुण्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्यांना चिनी भाषा शिकावी लागली, आणि विषय निवडताना हा हिशेबही करावयाचा असतो. पालीवाचून अट्ठकथांवर, चिनी वा तिबेटीवाचून महायान सूत्रांवर प्रस्ताव लिहिणाऱ्याने भाषा शिकण्याचे वर्ष वेळापत्रकात दाखविले नाही, तर परीक्षकास प्रस्तावाचे पुढचे पान उलटण्याचे कारण राहत नाही.

निधी आणि त्याच्या अटी

आता दुसरा प्रश्न. पैसा कोठून येतो ह्याहून तो कोणत्या अटींवर येतो हे आधी वाचावे, असे आमचे मत आहे. ते दोन थोर पुरुषांच्या अनुभवावरून बनलेले आहे, आणि दोघांचाही संबंध बडोद्याशी आहे.

धर्मानंद कोसंबी कलकत्त्यास पाली शिकवीत होते. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून काम करावे व वर्षास एक पुस्तक लिहून द्यावे, ह्या अटीवर सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यात ह्याच्या कितीतरी पट वेतन मिळण्याची शक्यता असताना कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले, कारण मराठी लोकांत बौद्ध विद्या पोहोचविणे हे त्यांचे आधीच ठरलेले काम होते आणि निधीची अट त्या कामाच्या वाटेवरच पडत होती. पुढे १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. तेथे वॉरन ह्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन त्यांच्याकडे आले. तेथील वेतन मोठे होते, पण ग्रंथावर नाव कोणाचे, ह्या मुद्द्यावर मतभेद झाले. ती आवृत्ती अखेर १९५० मध्ये दोघांच्या नावे निघाली, तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. दरम्यान १९४० मध्ये त्यांनी मुंबईतून स्वतःची देवनागरी आवृत्ती काढली होती. दुसऱ्याच्या प्रकल्पात साहाय्यक म्हणून काम स्वीकारणाऱ्या आजच्या तरुणाने, जमविलेली सामग्री कोणाची आणि लेखावर नाव कोणाचे, हे कामास लागण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. असे विचारल्याने कोणी रागावले, तर त्यावरूनही बरेच काही कळते.

पूज्य बाबासाहेबांचा वृत्तान्त वाचकांस परिचित आहे. परंतु निधीच्या दृष्टीने तो क्वचितच वाचला जातो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची, ही त्यामागील अट. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारतीय व्यापार, भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, आणि १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधात भारतातील जातिसंस्था, असे विषय घेतले. लंडनला गेल्यावर मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग मुंबईत सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिलकीत टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राने दिलेले ५००० रुपयांचे कर्ज, असे तीन ठिकाणचे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला व १९२३ मध्ये स्वीकारला गेला. ह्या विषयाची सरकारी कागदपत्रे लंडनमध्येच होती, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे विषय, साधने आणि मुक्कामाचे ठिकाण एकमेकांस धरून होते. तुटत होता तो पैसा, आणि तो एकाच ठिकाणाहून कधीच पुरला नाही.

आता आजच्या अटीकडे वळू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप' ही अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी उच्च शिक्षणाची प्रमुख योजना आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत असे घालण्यात आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास ह्या विषयांवरील संशोधनास ती मिळणार नाही. हा नियम १९१३ साली असता, तर बाबासाहेबांनी कोलंबियात घेतलेल्या वरील विषयांपैकी कोणता त्यात बसला असता, ह्याचा वाचकांनीच विचार करावा. नियमाविरुद्ध बोलले पाहिजे आणि बोललेही गेले. परंतु ज्याला ह्याच वर्षी अर्ज करावयाचा आहे त्याने त्या वर्षीची नियमावली मुळातून वाचावी. भारतातील बौद्ध इतिहासावर परदेशात काम करू इच्छिणाऱ्याने त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीकडे आणि राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटींकडे पाहावे. शीर्षक फिरवून नियमात बसविण्याचा मोह टाळावा. संमत झालेल्या रूपरेषेनुसारच काम दाखवावे लागते, आणि दुसऱ्याच विषयाची रूपरेषा चार वर्षे पाठीवर वाहावी लागते.

देशात राहून काम करणाऱ्यास मार्ग अधिक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील टप्प्यावर ४२,००० रुपये आहे. पाली हा तीत स्वतंत्र विषय आहे आणि बौद्ध, जैन, गांधीवादी व शांती अभ्यास असाही एक विषय आहे. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, जी पूर्वी राजीव गांधी ह्यांच्या नावाने ओळखली जाई. पुण्याच्या बार्टी संस्थेची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद ह्या दोन्ही संस्था प्रबंधासाठी साहाय्य देतात, पण त्यांची दृष्टी भिन्न आहे. जुन्नरच्या श्रेणींचा प्रस्ताव पहिलीकडे शोभेल. आजच्या बौद्ध वस्तीतील विवाहविधींचा प्रस्ताव दुसरीकडे पाठवावा. एकच मजकूर दोन्हीकडे धाडणाऱ्यास बहुधा दोन्हीकडून नकार येतो.

कागदपत्रांविषयी एक सूचना अवश्य करावीशी वाटते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरीही राज्याचे जात प्रमाणपत्र असलेला विद्यार्थी केंद्रीय योजनेच्या शेवटच्या दिवशी केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रासाठी धावताना दरवर्षी दिसतो. विषय ठरण्याआधीच हे प्रमाणपत्र व जात वैधता काढून ठेवावी. शासकीय अधिछात्रवृत्तीची रक्कम महिन्याच्या महिन्याला हाती पडेल, असाही भरवसा कोणी धरू नये. सहा महिन्यांची सोय जवळ असलेली बरी.

अंदाजपत्रक कसे लिहावे, ह्यासाठी पुन्हा उषवदाताकडे जावे. रक्कम किती, ती कोठे, कोणासाठी, किती जणांना, प्रत्येकी किती, आणि नोंद कोणासमोर, हे सर्व त्याने मोजक्या ओळींत सांगितले. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांत 'प्रवास व इतर खर्च : ५०,०००' अशी एकच ओळ असते. त्याऐवजी जुन्नरला किती फेऱ्या, प्रत्येक फेरीत किती दिवस, एस.टी.चे भाडे, मुक्काम, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागणारी छायाचित्रे कोणती, असे लिहिले की गुणाकार परीक्षकास स्वतः करून पाहता येतो.

ज्या कामाला थांबता येत नाही

हे सारे सांगितल्यावर एका विषयाबद्दल मात्र आमचा सल्ला निराळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी मुले आई-बापांचे बोट धरून गेली, त्यांतील १५ वर्षांचा मुलगा आज ८० च्या पुढे आहे. कोणत्या गावातून कोण गेले, पैसे कोणी जमविले, घरातले देव परतल्यावर लगेच काढले की काही वर्षांनी, पहिले लग्न बौद्ध पद्धतीने कोणाचे लागले, गावाने बलुते केव्हा तोडले, ह्याची उत्तरे छापील ग्रंथांत थोडी आणि ह्या माणसांपाशी पुष्कळ आहेत. त्यांच्यासोबत विहारांच्या जुन्या वर्गणीवह्या, जलशांची हस्तलिखिते, पत्र्याच्या पेटीतील 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासास त्यामुळे कदाचित नवे बळ मिळेल. ग्रंथ मात्र वाट पाहू शकतात. जाहिरात, अर्ज, मुलाखत आणि पहिला हप्ता ह्यांत दीड-दोन वर्षे जातात, आणि तेवढ्या अवधीत एका तालुक्यातील अर्धे साक्षीदार निघून गेलेले असतात. मागील वर्षावासात आमच्या यादीतील एका आजींच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालू होता.

म्हणून ह्या कामाचा निधी विहारांनीच उभा करावा. चाळीस कुटुंबांनी दरमहा २५० रुपये दिले तर महिन्यास १०,००० आणि वर्षास १,२०,००० होतात. एका विद्यार्थ्याचा जिल्ह्यातील प्रवास, ध्वनिमुद्रणाचे साधन, मुलाखती उतरवून घेण्याची मजुरी आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क एवढ्यात बसतात. जमा-खर्च दर पौर्णिमेस विहारात वाचून दाखवावा व फलकावर लावावा. वर्षभराने जमलेल्या ह्या सामग्रीवर तोच विद्यार्थी सामाजिक विज्ञान परिषदेकडे प्रस्ताव पाठवू शकेल, आणि त्या वेळी त्याच्या प्रस्तावात अंदाजांऐवजी हाती असलेल्या मुलाखतींची संख्या असेल.

मुलाखत देणाऱ्याची संमती आरंभीच घ्यावी आणि ती ध्वनिमुद्रणातच असावी. पूर्ण नाव, त्या वेळचे वय, मूळ गाव व तालुका, सोबत कोण होते आणि जाण्याचे साधन कोणते, हे पाच प्रश्न सर्वांना सारख्याच शब्दांत विचारावेत. म्हणजे पुढे गावागावांची तुलना करता येते. त्यानंतर आजी-आजोबा जे सांगतील ते सांगू द्यावे, मध्ये त्यांची तारीख दुरुस्त करू नये. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाला आणि एक विहाराच्या ग्रंथालयाला मिळेल, ही अट पुढे जो कोणी निधी देईल त्याच्या करारात पहिल्या पानावर लिहून घ्यावी.